६ वी ब्रिगेड: तक्ता मोडला, पण बर्कशायरचा धागा सापडला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये म्हणालो होतो की ब्रिटिश सैन्याच्या ६ व्या ब्रिगेडचा १९१४ ते १९४४ चा तक्ता (कधी तिच्यात कोणत्या बटालियन होत्या आणि त्या कुठे लढल्या) जवळजवळ झालाय. तो परवा रात्री सगळा पुसला, तीन आठवड्यांचं काम गेलं. पण त्यातून जे हाती आलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

घोळ सुरू झाला डेलव्हिल वुडपासून, म्हणजे फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतल्या जंगलापासून. २७ जुलै १९१६ च्या हल्ल्यात १ ली रॉयल बर्कशायर आहे, बटालियनच्या डायरीत सरळ लिहिलंय, म्हणून मी तिथे पिन टाकली आणि ६ व्या ब्रिगेडचा रंग दिला. मग त्या दिवसाच्या ब्रिगेडच्या नोंदी लावायला घेतल्या तर काहीच जुळेना, वेळ जुळत नाही, शेजारी कोण ते जुळत नाही, मी चार दिवस मॅपलाच दोष देत बसलो. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या ट्रेंच मॅपच्या प्रिंटची कडा कापलेली होती, ग्रिडचे आकडेच गायब, त्यामुळे संशय तिकडेच गेला. (फुकटातले नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जिओरेफरन्स केलेले (आजच्या नकाशावर बरोबर बसवलेले) मॅप त्याच्यापेक्षा शंभरपट बरे, थेट क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा, प्रिंटवर पैसे घालवू नका.)

मॅप बरोबर होता, बटालियनच तिथे नव्हती. म्हणजे ६ व्या ब्रिगेडमध्ये नव्हती! १९१५ च्या नोव्हेंबरात १९ वी ब्रिगेड २ ऱ्या डिव्हिजनमधून (६ वी ब्रिगेडही याच डिव्हिजनची) ३३ व्या डिव्हिजनला गेली आणि तिच्या बदल्यात नव्या भरतीची ९९ वी आली. मग डिसेंबरात जुन्या आणि नव्या बटालियन एकमेकींत मिसळल्या. १ ली बर्कशायर आणि १ ली किंग्ज रॉयल रायफल कोअर ९९ व्या ब्रिगेडमध्ये गेल्या, आणि ६ व्या ब्रिगेडमध्ये १३ वी एसेक्स आणि १७ वी मिडलसेक्स आल्या, मिडलसेक्स म्हणजे ती फुटबॉलवाल्यांची बटालियन. २७ जुलैचा हल्ला ९९ व्या ब्रिगेडचा होता. तारीख न बघता मी १९१४ ची यादी पुढे ओढत नेली होती.

आता खरी मजा. १९३९ ला ६ वी ब्रिगेड फ्रान्सला जाते तेव्हा तिच्यात असतात १ ली रॉयल वेल्श फ्युझिलियर्स, १ ली रॉयल बर्कशायर आणि २ री डरहॅम लाइट इन्फन्ट्री. पहिल्या युद्धात वेल्श होती २२ व्या ब्रिगेडमध्ये, ७ व्या डिव्हिजनला. डरहॅम १८ व्या ब्रिगेडमध्ये, ६ व्या डिव्हिजनला (६ वी डिव्हिजन आणि ६ वी ब्रिगेड, या एका आकड्याने माझे दोन रविवार खाल्ले). म्हणजे १९१४ च्या मूळ चारपैकी परत आलेली एकटी बर्कशायर. आणि ज्या दोघी १९१४ ते १९१८ कुठेही न हलता ६ व्या ब्रिगेडमध्येच राहिल्या, १ ली किंग्ज लिव्हरपूल आणि २ री साउथ स्टॅफर्ड, त्या १९४४ मध्ये भलतीकडेच, किंग्ज ब्रह्मदेशात जपानी फळीमागे लढणाऱ्या चिंडिट्समध्ये ७७ व्या ब्रिगेडला आणि स्टॅफर्ड ग्लायडरने नेदरलँड्समधल्या आर्नेमला. हे तक्त्यावर दिसलं तेव्हा रात्री दीड वाजता उठून चहा केला.

त्यामुळे तक्त्याची रचनाच बदलली. आधी ब्रिगेड म्हणजे एक जाड पट्टी आणि आत बटालियन, आता बटालियनचे धागे आडवे आणि ब्रिगेड म्हणजे मागचा रंग, धागा जिथे रंग बदलेल तिथे तारीख. १९१८ च्या फेब्रुवारीत ब्रिगेड चारवरून तीन बटालियनची होते, एसेक्स आणि मिडलसेक्स मोडल्या जातात, १७ वी रॉयल फ्युझिलियर्स येते, हे सगळं आता दोन मिनिटांत बसतं.

छोटा आनंद असा की नव्या रचनेत कालव्याची पट्टी आपोआप उमटली. २५ सप्टेंबर १९१५ ला लूसच्या लढाईत ही ब्रिगेड ला बासे कालव्याच्या दक्षिणेला, क्यूंशीजवळ, वारा बरोबर नाही असं गॅस ऑफिसर सांगत असताना गॅस सोडायचा वरून हुकूम आला आणि गॅस उलटून आपल्याच खंदकात आला. मे १९४० मध्ये तीच ब्रिगेड त्याच कालव्याच्या पट्ट्यात साँ-व्हनॉंला, जेमतेम वीसेक किलोमीटरवर. दोन्ही पिना एका स्क्रीनवर बघताना अंगावर काटा आला.

आता पुढचं. ठरलं होतं सेर या फ्रान्समधल्या गावावरचा १९१६ चा हल्ला संपवायचा, पण मन तिथे नाही. १९४२ मध्ये २ री डिव्हिजन भारतात आली ती अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) परिसरात, तिथून ६ वी ब्रिगेड ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्याला. १८ मार्च १९४३ ला डोनबैकच्या बंकरांवरचा हल्ला फसला, एप्रिलच्या सुरुवातीला इंडिनला ब्रिगेडियर कॅव्हेंडिश जपान्यांच्या हाती लागले आणि जिवंत परतले नाहीत. वर्षभराने २० एप्रिल १९४४ ला कोहिमाच्या गॅरिसन हिलवर रॉयल वेस्ट केंटच्या थकलेल्या लोकांना मोकळं करायला बर्कशायरच पोचली.

आणि हे लिहिताना सुचलं, कोहिमाच्या पट्टीत मार्चमधली मणिपूरमधल्या सांगशाकची लढाईही घ्यायला हवी. ब्रिगेड वेगळी, ५० वी पॅराशूट, पण तिथे ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती आणि २२ ते २६ मार्चला त्यांनी जपानी तुकडी अडवली नसती तर कोहिमाला वेळ मिळाला नसता असं माझं ठाम मत आहे. मराठ्यांचा धागा मी भगव्या रंगात टाकणार. सेर नंतर. डोनबैकची पाव इंची (एका मैलाला पाव इंच) मॅपशीट कोणाकडे कडा न कापलेली असेल तर स्कॅन पाठवा, चौंगांची (तिथल्या ओढ्यांची) नावं वाचता आली पाहिजेत एवढंच.