सुरगाठ

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात मी दोऱ्या साठवतो. मिठाईच्या खोक्याची सुतळी, कुठल्यातरी पार्सलची नायलॉन, बुटांच्या नाड्या, मोटरसायकलच्या फाटक्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. बायको म्हणते, "एक दिवस ह्यातनं साप निघणार, आणि तुम्ही त्यालापण गाठ मारून बघणार." तिचं चुकत नाही. पण ह्या डब्याला एक कारण आहे आणि ते मसाई पठारावर घडलं.

पन्हाळा ते पावनखिंड. 12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ती वाट. दर जुलैला पोरं झुंडीनं ही मोहीम करतात आणि शहाणी पोरं रात्री वाटेवरच्या वाडीत, शाळेत नाहीतर देवळात पाठ टेकतात. आम्हा चौघांना मात्र तंबूत झोपायची हौस. तंबू नवा होता. त्याच्याबरोबर आलेल्या मेखा ॲल्युमिनिअमच्या, दाभणापेक्षा थोड्या जाड. दुकानात हातात घेतल्या तेव्हा हलक्या म्हणून कौतुक वाटलं होतं.

पठार म्हणजे जांभा. वर चार बोटं माती, त्यावर गवत, खाली तवा. दुसऱ्या घावाला पहिली मेख कोयत्यासारखी वाकली. मग आम्ही सगळ्या दोऱ्या जवळच्या धोंड्यांना आवळून टाकल्या. कुणी दोन गाठी मारल्या, कुणी पाच. पावसाच्या भीतीनं माणूस गाठीवर गाठ मारत जातो. मध्यरात्री वारा सुटला, दोऱ्या धोंड्यांवरून निसटल्या आणि तंबू ओल्या धोतरासारखा अंगावर आला. उरलेली रात्र आम्ही छत हातानं वर धरून काढली. चौघे चार कोपऱ्यांत, जिवंत खांब.

खरी फजिती सकाळची. दोऱ्या धोंड्यांवरून निसटल्या होत्या, पण गाठी जशाच्या तशा. भिजून टम्म फुगलेल्या, वेड्यावाकड्या आवळलेल्या. बोटं गारठलेली, नखं वाकली, दात लावून झाले. शेवटी चाकू काढला. तेवढ्यात डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा म्हशी घेऊन आला. आमच्याकडं बघत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सुटंना व्हय गाठ? मग मारली कशाला?"

एवढं बोलून तो गेला. मी मात्र त्या वाक्यापाशी अजून उभा आहे.

गाठ म्हणजे पक्की, एवढंच आपल्या डोक्यात असतं. खरं तर आपल्या भाषेनं तिची वाटणी कधीच करून ठेवली आहे. एक निरगाठ, एक सुरगाठ. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. गोठ्यात खुंट्याला जनावराचं दावं बांधतात ते सुरगाठीनं. म्हैस दिवसभर हिसके देते, गाठ हलत नाही. धनी आला, एक टोक ओढलं, जनावर मोकळं. ह्याचं मोल काय ते पंचगंगेकाठच्या माणसाला विचारावं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्या वर गेलं होतं. रात्री गोठ्यात पाणी शिरल्यावर निरगाठ सोडत बसायला कुणाला वेळ असतो?

तर तंबूची दोरी. एक गाठ येत असली तरी पुरते. दोरी मेखेभोवतीनं फिरवून परत आणायची. ताणलेल्या दोरीला फासाच्या आतून दोन वेढे, मग फासाबाहेर तंबूच्या अंगाला एक, आणि शेवटचं टोक पूर्ण ओढून न घेता दुमडून घ्यायचं, बुटाच्या नाडीसारखं. ही गाठ हातानं वर-खाली सरकते, पण दोरीला ताण असला की जागची हलत नाही. दोरी नवी आणि गुळगुळीत असेल तर आत तीन वेढे. मी ही गाठ गॅलरीच्या ग्रिलवर महिनाभर घोटली. आता आमची कपड्यांची दोरीपण तशीच आहे. ओल्या चादरींनी झोळ पडला की दोन बोटांनी गाठ सरकवायची. घरात ह्या सोयीचं कौतुक शून्य.

सरकणारी गाठ लागते कारण नायलॉन भिजलं की सैलावतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री लोंबायला लागतो तो म्हणूनच. सुती नाहीतर तागाच्या दोरीचं नेमकं उलटं, ती भिजली की आखडते. जुन्या कॅनव्हासच्या तंबूत झोपण्याआधी दोऱ्या जरा सैल करत, नाहीतर पावसात आखडलेल्या दोऱ्याच खुंट्या उपटायच्या. आपला तंबू नायलॉनचा असेल तर निजण्यापूर्वी एक फेरी मारावी आणि चारी गाठी बोटभर सरकवाव्यात. रात्री लघवीला उठणं होतंच, तेव्हा आणखी एकदा.

मेखेबद्दल एवढंच, की ती सरळ खाली ठोकू नये. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असावं आणि दोरी जमिनीलगत अडकवावी. पण हे मातीत. जांभ्यावर मेख पिशवीतच राहू द्यावी. तिथं दोन दगडांची युक्ती. दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधायचा. त्याच्या पुढं, म्हणजे तंबूच्या बाजूला, दोरीवरच एक थोराड धोंडा ठेवायचा. वाऱ्यानं ओढ दिली की धाकटा थोरल्याला येऊन टेकतो आणि तिथंच अडतो. आम्ही त्या रात्री थोरल्यालाच मिठ्या मारत बसलो होतो. बांधायला हवा होता धाकटा.

ताण सगळीकडं सारखा कसा ठेवायचा, हे कुणाला बघायचं असेल तर चैत्रात जोतिबाला जावं. उंचच्या उंच सासनकाठी एक जण पेलतो आणि चारी बाजूंनी बाकीचे तोरण्या, म्हणजे काठीच्या दोऱ्या, धरून तोल सांभाळतात. गुलालात नीट दिसत नाही, पण त्यांचे हात बघावेत. कुणी जोर लावून ओढत नाही. एकानं ओढलं तर समोरच्यानं तेवढंच ओढायचं, नाहीतर काठी त्याच्याकडं झुकणार. तंबूचंही तसंच. एक कोपरा आवळला की पुढचा तिरका समोरचा घ्यावा, शेजारचा नव्हे.

नुसती ताडपत्री असेल तर आणखी गंमत. तिच्या कडेच्या पितळी कड्या पहिल्या जोरकस वाऱ्यात फाटून येतात. अशा वेळी मला आजीचा पदर आठवतो. ती पदराच्या टोकात पैसे घालून वर पीळ देऊन गाठ मारायची, आणि बस कंडक्टरपुढं ती सुटेस्तोवर मागची रांग दम धरून असायची. ताडपत्रीच्या कोपऱ्यात तसाच एक गोटीएवढा गुळगुळीत खडा घालायचा, कापड त्याच्याभोवती गोळा करायचं आणि मानेला दोरी बांधायची. कडी लागत नाही, भोक पडत नाही, आणि हवा तिथं नवा कान तयार करता येतो. खडा टोकदार नको, एवढंच. दोरी आणि मेख ह्यांच्यामध्ये ट्यूबची एक चकती घातली तर वाऱ्याचा हिसका ती खाते. डब्यात ट्यूब का आहे, ते हे. आणि छताजवळ दोरीला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधला, की दोरीवरनं ओघळत आत येणारं पाणी तिथंच टपकून जातं.

दावं, कासरा, सोल, नाडा, चऱ्हाट, वेसण. एका दोरीला एवढी नावं ठेवणाऱ्या मुलखात आम्ही चौघे चाकू घेऊन बसलो होतो. आता गाठीचं चऱ्हाट आणखी लांबवत नाही.

पुढच्या जुलैला पुन्हा गेलो. तोच तंबू, दोन दगड, सरकत्या गाठी. पाऊस बेतानं होता, त्यामुळं माझी विद्या फारशी कसाला लागली नाही. सकाळी मात्र चार टोकं चार हिसक्यांत ओढली आणि तंबू खाली. बघायला म्हातारा नव्हता. एक म्हैस होती.

त्या आनंदात घरी येताना तांबड्या-पांढऱ्याचं पार्सल घेतलं. पांढरा रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला दोऱ्याचे दहा-बारा वेढे आणि वर एक गाठ. ताटं मांडली होती. मी पिशवी उजेडाला धरली, दोऱ्याचं टोक शोधलं, नखानं उचकटून बघितलं. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला गाठी येतात ना?" बायकोनं काही न बोलता कात्री पुढं केली.