रांग कुणी उठवायची होती?

सोमवार, रात्र

नव्या बोर्डाच्या नेटवर्क कार्डाची पॅकेटं पाठवणारी रांग अधूनमधून अडकते आहे, आणि अशा अडकण्याची, म्हणजे टाइमआउटची, मोजणी आज ४ वर गेली. बोर्ड सुरू करून अकरा दिवस झाले, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एकदा. नेटवर्क पाच-सहा सेकंद गप्प होतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा आमचा कोड) कार्ड रीसेट करतो आणि सगळं पुन्हा सुरळीत. वेळ ठरलेली नाही. भार मात्र दर वेळी असतो, आणि तोही लहान यूडीपी पॅकेटांचा.

आमच्या कर्नलमध्ये वॉचडॉगचा (अडकलेल्या रांगेवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचा) स्टॅक ट्रेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी, बूटनंतर एकदाच छापला जातो. त्यानंतरच्या घटना कळतात त्या ड्रायव्हरच्या रीसेटच्या ओळीवरून, किंवा सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या जागेत) त्या ट्रान्समिट रांगेच्या फोल्डरात जी मोजणी असते तिच्यावरून. तो एकमेव ट्रेस मी आज तासभर वाचला. त्यात टायमर आहे, सॉफ्टआयआरक्यू (उपकरणाच्या हाकेनंतरचं, म्हणजे इंटरप्टनंतरचं, काम उरकणारा कर्नलचा भाग) आहे, वॉचडॉगचं फंक्शन आहे. ही सगळी वर्दी देणारी मंडळी, गुन्हा त्यांच्या हातून घडलेला नाही. वॉचडॉगला ठाऊक असतं ते एवढंच: लिंक चालू आहे, रांग थांबलेली आहे, आणि कार्डाकडे शेवटचं पॅकेट सोपवल्याला ठरलेली मुदत उलटून गेली. ड्रायव्हरने वेगळं काही सांगितलं नसेल तर ही मुदत ५ सेकंदांची. ओळ छापली जाईपर्यंत मूळ घटना केव्हाच होऊन गेलेली असते.

रांग थांबणं हा मुळात दोष नाहीच. आमच्या रिंगमध्ये (ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातल्या गोलाकार यादीत) २५६ डिस्क्रिप्टर, म्हणजे पॅकेटांच्या नोंदींच्या जागा, आहेत. ते भरले की ड्रायव्हर वरच्या थराला ‘थांब’ म्हणतो. कार्डाने पाठवून मोकळे केलेले डिस्क्रिप्टर सफाई करणारं फंक्शन परत घेतं आणि रांगेला उठवतं. दिवसातून हजारो वेळा हे बिनबोभाट होतं. प्रश्न त्या एका वेळचा आहे, जेव्हा रांग थांबवली गेली आणि उठवायला कुणी आलं नाही.

मंगळवार

पहिला संशय वीजबचतीवर. पीसीआय एक्स्प्रेसची लिंक रिकामी असली की एल-वन अवस्थेत झोपते, आणि काही कार्डं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. अशा तक्रारी खऱ्या असतात, म्हणून हा मार्ग आधी तपासणं योग्यच वाटलं. ही वीजबचत, म्हणजे एएसपीएम, बंद करून बोर्ड पुन्हा बूट केला.

शनिवार

चार दिवस शांत गेले. काल संध्याकाळी मी बदलाचा मजकूरही लिहून ठेवला होता. आज दुपारी साडेतीनला रीसेटची ओळ आली.

खूप वाईट वाटलं. दोन-तीन दिवसांआड येणारा बिघाड चार दिवस आला नाही, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. हे मला मंगळवारीही माहीत होतं. तरीही रोज सकाळी मोजणी शून्य दिसली की जरा हायसं वाटायचं.

संध्याकाळी सहकारिणीला फोनवर सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “रीसेट करण्याआधी रिंग वाचतेस का?”

नाही वाचत. आमचा टाइमआउट हँडलर पहिल्याच ओळीत कार्ड रीसेट करतो, रिंग पुसतो, इंडेक्स शून्यावर आणतो आणि रांग उठवतो. वापरणाऱ्याला सहा सेकंदांत नेटवर्क परत मिळतं हे चांगलंच. पण काय घडलं हे ज्याच्यावरून कळलं असतं, ते सगळं दर वेळी आम्हीच धुऊन टाकत होतो.

रविवार

आज फक्त छपाई लिहिली. रीसेटच्या आधी चार गोष्टी लॉगमध्ये: आपण कुठवर पॅकेटं ठेवली तो इंडेक्स, सफाई कुठवर झाली तो इंडेक्स, प्रत्येक डिस्क्रिप्टरवरचा मालकीचा बिट (तो कार्डाकडे आहे की आपल्याकडे, ते सांगणारा), आणि कार्डाचं इंटरप्ट स्टेटस रजिस्टर.

लिहिताना लक्षात आलं की एवढ्यावरून तपासाच्या तीन वाटा वेगळ्या होतात. मालकीचा बिट अजून कार्डाकडे असेल तर कार्डाने काम केलेलंच नाही. मग डोअरबेल (नवं काम आल्याची कार्डाला दिलेली खूण) पोचली का, डीएमए (कार्डाने मेमरी थेट वाचणं) अडला का, लिंक झोपली का, हे शोधायचं. बिट परत आलाय पण सफाईचा इंडेक्स मागेच आहे, तर कार्डाने काम केलं आणि आपल्याला कळलं नाही. इंटरप्ट हरवला, नाहीतर बंदच राहिला. आणि दोन्ही इंडेक्स सारखे असतील, म्हणजे रिंग पूर्ण रिकामी आणि तरीही रांग थांबलेली, तर कार्डाचा काही संबंध नाही. मग चूक आपल्या कोडची.

मी मनात दुसऱ्या वाटेवर पैज लावली होती.

बुधवार

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी सापडलं. ठेवल्याचा इंडेक्स १८४३, सफाईचा इंडेक्स १८४३ (हे आकडे २५६ला न थांबता वाढत जातात). रिंग रिकामी. मालकीचे सगळे बिट आपल्याकडे. रांग थांबलेली.

तिसरी वाट.

कोड उघडून पाठवणाऱ्या फंक्शनचा शेवट पाहिला. जागा उरली आहे का ते बघायचं, नसेल तर रांग थांबवायची. सफाईचं फंक्शन आपल्या शेवटी बघतं, की जागा झाली आहे आणि रांग थांबलेली आहे, तर उठवायची. दोन्ही वेगवेगळी वाचली तर दोन्ही बरोबर. आता शेजारी ठेवून वाचते. पहिल्या कोरवर (प्रोसेसरच्या एका स्वतंत्र भागावर) पाठवणारं फंक्शन ‘जागा नाही’ एवढं पाहतं, आणि रांग थांबवण्याआधी नेमका त्या कोरवर दुसऱ्याच उपकरणाचा इंटरप्ट येतो. तेवढ्यात दुसऱ्या कोरवर सफाई होते, सगळी रिंग मोकळी होते, रांग थांबलेली आहे का पाहिलं जातं. ती अजून चालू आहे, म्हणून उठवायचा प्रश्नच नाही. मग पहिला कोर परत येतो आणि रांग थांबवतो. आता रिंगमध्ये एकही पॅकेट नाही, म्हणून पूर्णतेचा इंटरप्ट येणार नाही, म्हणून सफाई होणार नाही, आणि रांग थांबलेली असल्यामुळे नवं पॅकेटही येणार नाही.

हा बिघाड इतका क्वचित का, तेही यातच आहे. मधल्या क्षणात रिंगमधलं शेवटचं पॅकेटसुद्धा परत घेतलं गेलं पाहिजे. एक जरी उरलं, तर त्याचा इंटरप्ट मागाहून येऊन रांगेला उठवतो. लहान पॅकेटांचाही खुलासा झाला: १ गिगाबिटच्या लिंकवर सर्वांत लहान फ्रेम ०.६७२ मायक्रोसेकंदात निघून जाते, म्हणजे पूर्ण २५६ची रिंग साधारण १७२ मायक्रोसेकंदांत रिकामी. एखाद्या लांबलेल्या इंटरप्टमध्ये एवढं सहज बसतं. मोठ्या फ्रेमना तीन मिलिसेकंद लागले असते.

आणि जुना बोर्ड वर्षानुवर्षं का चालला? त्याला एकच कोर होता. पाठवणारं फंक्शन चालू असताना त्या कोरवर सॉफ्टआयआरक्यू बंद असतात, आणि आमची सफाई सॉफ्टआयआरक्यूमध्येच होते. तिला मध्ये घुसायला जागाच नव्हती. नव्या बोर्डाला चार एआरएम कोर आहेत. ज्याने हा ड्रायव्हर मूळ लिहिला त्याने त्याच्या बोर्डासाठी बरोबरच लिहिला होता, हे कळल्यावर मनातली एक कडवट भावना गेली.

दुपारी खात्री करून घेतली. जागा बघणं आणि रांग थांबवणं यांच्या मध्ये मुद्दाम ३०० मायक्रोसेकंदांचा विलंब घातला. इतके दिवस वाट पाहायला लावणारा टाइमआउट पहिल्याच मिनिटात आला, आणि येतच राहिला. बिघाड आपल्या मुठीत आल्याचा असा आनंद फार दिवसांनी झाला.

गुरुवार

दुरुस्ती दोन ओळींची: रांग थांबवल्यावर जागा पुन्हा पाहायची, आणि झालेली असेल तर आपणच उठवायची. काल रात्री एवढंच लिहून झोपले. सकाळी वाचताना थांबले. रांग थांबवणं हे लिहिणं आहे, सफाईचा इंडेक्स बघणं हे वाचणं आहे. कोडमध्ये लिहिणं आधी दिसतं, पण प्रोसेसरला तो क्रम बांधील नाही. लिहिलेलं इतर कोरना दिसायच्या आधीच वाचन उरकलेलं असू शकतं. सफाईच्या बाजूलाही तसंच: इंडेक्स लिहायचा, मग रांगेची अवस्था वाचायची. दोघांनीही जुनं वाचलं तर दोघंही समजतात की दुसरा बघून घेईल.

वाचन-वाचन किंवा लेखन-लेखन बॅरिअर (प्रोसेसरला तेवढा क्रम पाळायला लावणारी सूचना) इथे पुरत नाही. पूर्ण मेमरी बॅरिअर लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना. एक्स८६ प्रोसेसरवर रांग थांबवण्याचा बिट लॉक लावूनच लिहिला जातो, म्हणून पाठवणाऱ्या बाजूचा बॅरिअर तिथे आयताच मिळतो आणि विसरला तरी कळत नाही. एआरएमवर तो बिट कसलाही क्रम न पाळता लिहिला जातो. दोन्ही बॅरिअर घातले, आणि कोणता कुणाच्या जोडीला आहे ते दोन्ही ठिकाणी टिप्पणीत लिहिलं.

विलंब तसाच ठेवून बोर्ड रात्रभर चालवते आहे. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, सात तास झाले, मोजणी ०. सकाळी विलंब काढीन आणि एएसपीएम पुन्हा चालू करीन. त्याचा काही दोष नव्हता. रिंगची छपाई मात्र हँडलरमध्येच राहील, रीसेटच्या वर.