जिन्याखालची खोली

गेल्या सोमवारी शाळेत शिरले तर तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्स मशीन बसवणं चाललं होतं. वायरमन भिंतीला भोकं पाडत होता आणि दाराच्या काचेवर ब्राऊन पेपर चिकटवलेला होता. ती काच बसवली त्या दिवशी मी तिथे उभी होते. दिवसभर शिकवण्यात माझं लक्ष लागलं नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

मी माहीम-वांद्रे पट्ट्यातल्या एका कॅथलिक शाळेत मराठी शिकवते. सत्तावीस वर्षं झाली, निवृत्तीला दीड वर्ष उरलं. मी स्वतः कॅथलिक नाही. गिरगावात चाळीत वाढले, घरी गणपती बसतो. शाळेत लागले तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, काय असते हेही मला नीट ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गात साठ मुलं असली तर त्यात कॅथलिक बारा-तेरा. बाकीची कोळीवाड्यातली, धारावीतली, पोलिस लाइनीतली, मराठी, गुजराती, तमिळ, मुसलमान, सगळी.

त्या खोलीत आमचे चॅप्लेन, म्हणजे शाळेसाठी नेमलेले धर्मगुरू, बसायचे. हा शब्द शाळेत कोणी उच्चारत नाही. प्रिन्सिपलही फादर, चॅप्लेनही फादर, म्हणून मुलांनी सोय केली होती: वरचे फादर आणि खालचे फादर. वरच्या फादरांकडे पाठवलं की पोटात गोळा यायचा. खालच्या फादरांकडे मुलं आपणहून जायची.

मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते 2003 साली आले आणि 2016 पर्यंत राहिले. वसईकडचे, घरात सामवेदी बोली बोलणारे. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्या आठवड्यातच बरं वाटलं होतं, कारण स्टाफरूममध्ये मराठीत गप्पा मारायला आम्ही तिघीच होतो. वेळापत्रकात त्यांच्या नावावर फार थोडं काम होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, कॅथलिक मुलांचे कॅटेकिझमचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, तास, ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, दहावीच्या मुलांची प्रार्थना-चिंतनाची एक दिवसाची रिट्रीट. कॅटेकिझमच्या तासाला बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण असतं आणि तो तास बरीच वर्षं माझ्याकडे होता. मुलांना असं वेगळं का बसवतात, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी मला राज्यघटनेचं 28वं कलम सांगितलं. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत कोणाही मुलाला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मग म्हणाले, "टीचर, कायदा नसता तरी मी बसवलं नसतं. पण तुमच्या तासाला मी आलो तर चालेल ना?" आणि ते यायचे. मागच्या बाकावर बसून मुलांबरोबर ऐकायचे.

खोलीत एक गोदरेजचं कपाट, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधोमध स्टुलावर ठेवलेला कॅरमबोर्ड. टेबल नव्हतं. आधी होतं, ते त्यांनी पहिल्याच महिन्यात लायब्ररीला देऊन टाकलं. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास बोर्ड चालू असायचा. मला सुरुवातीला वाटायचं, मुलं खेळायला जातात. जायचीच. पण मी पेपर गोळा करायला किंवा चहाचा कप ठेवायला गेले की कानावर काहीतरी पडायचं. स्ट्रायकर रेघेवर ठेवलेला, बोट ताणलेलं, नजर राणीवर, आणि तसंच खाली बघत मुलगा बोलून जायचा, "फादर, पप्पा काल पण घरी आले नाहीत." मग खट्. सोंगटी पॉकेटात. फादर म्हणायचे, "अजून एक शॉट आहे तुझा." पुढचा शॉट मारेपर्यंत मुलगा आणखी दोन वाक्यं बोललेला असायचा.

मी शिक्षक आहे. मुलाला समोर उभं करून "काय झालं, सांग" म्हणणं एवढंच मला येत होतं आणि त्यावर मला नेहमी "काही नाही, टीचर" एवढंच उत्तर मिळालं. बोर्डाभोवती बसलेल्या माणसाकडे बघावं लागत नाही, हे मला त्या खोलीत कळलं.

एक मुलगा होता, दहावीचा, वरळी कोळीवाड्यातला. प्रिलिमच्या आधी आठ दिवस त्याचे वडील गेले. फादर त्याच संध्याकाळी गेले, मीही बरोबर होते. झगा घातला नव्हता, साधा शर्ट-पँट. स्मशानात ते बाकीच्या पुरुषांसारखे कट्ट्यावर बसून राहिले. कोणाला उपदेश केला नाही, प्रार्थनाही म्हटली नाही. तेराव्यालाही गेले, पानावर बसले. मुलगा शाळेत परत आला आणि तीन आठवडे रोज खोलीत जाऊन खेळत राहिला. एक शब्द बोलला नाही. मी फादरांना विचारलं, काही बोलला का? म्हणाले, "कव्हर घ्यायला लागलाय." आधी तो राणी घ्यायचा आणि कव्हर, म्हणजे राणीपाठोपाठची सोंगटी, न घालताच उठून जायचा. चौथ्या आठवड्यात डाव पूर्ण करायला लागला. मग कधीतरी बोललाही असेल. काय बोलला ते मला माहीत नाही आणि ते मला माहीत नसणंच बरोबर होतं.

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईतल्या कुठल्याच शिक्षकाच्या डोक्यातून जाणार नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. दुपारनंतर गाड्या बंद, रस्ते बंद, आणि शाळेत पन्नासेक मुलं अडकलेली. संध्याकाळी वीज गेली. फादरांनी चॅपेलमधल्या वेदीवरच्या मेणबत्त्या सगळ्या खाली आणल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक लावली. वॉचमनच्या बायकोने खिचडी टाकली. फोन मधेच लागायचा, मधेच बंद पडायचा. पाचवीतला एक मुलगा रडायचा थांबेना. त्याची आई कुर्ल्याला कामाला. त्याला कोणी "रडू नकोस" म्हटलं की तो अजून जोरात रडायचा. फादरांनी त्याच्या हातात टॉर्च दिली आणि म्हणाले, "मला यादी लिहायचीय, तू उजेड धर." मग त्याला घेऊन ते एकेका मुलापाशी गेले. नाव, घर कुठे, आईचं नाव काय, शेजारी कोणाकडे फोन आहे. मी मागून बघत होते. निम्म्याहून जास्त मुलांच्या आयांची नावं मुलांनी सांगायच्या आधी फादरांनीच लिहिली होती. मला माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांची नावं कॅटलॉग उघडल्याशिवाय सांगता आली नसती. रात्री दोनच्या सुमारास टॉर्चवाला मुलगा यादीवरच डोकं ठेवून झोपला.

सकाळी मांडीभर पाण्यातून ते मुलांना गटागटाने घरी सोडून आले. चार फेऱ्या केल्या. पुढे त्यांच्या पायाला महिनाभर जखम होती.

आता त्या काचेबद्दल. खोलीचं दार आधी सलग लाकडी होतं. 2004 मध्ये त्यांनी सुताराला बोलावून दाराच्या वरच्या अर्ध्या भागात साधी, आरपार दिसणारी काच बसवून घेतली. मी विचारलं, मुलांना संकोच नाही का वाटणार? ते म्हणाले, "वाटू दे थोडा. आत एक फादर आणि एक मूल आहे, हे जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे." जगभर धर्मगुरूंच्या हातून मुलांवर अत्याचार झाल्याची प्रकरणं तोवर वर्तमानपत्रांतून येत होती. त्यांनी तो विषय माझ्याशी स्वतःहून काढला, आवाज खाली न करता. "आमच्यातल्याच माणसांनी केलंय ते. मुलाने माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी ती काच लावलेली नाही, टीचर. विश्वास ठेवला नाही तरी तो सुरक्षित असावा म्हणून लावलीय."

2012 मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आला. त्याच्या 19व्या कलमाप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. स्टाफ मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या मनात आलं ते मी त्यांना खाली येऊन विचारलं. कन्फेशनमध्ये, म्हणजे कोणी फादरांपुढे पापांची कबुली देतो तेव्हा, ऐकलेलं तर तुम्ही कोणालाच सांगू शकत नाही, मग? ते बराच वेळ गप्प बसले. त्यांनी मला सोपं उत्तर दिलं नाही. म्हणाले, ती गाठ माझ्याने सुटत नाही, मी रोज तिच्याशी झगडतो. पण ही खोली म्हणजे कन्फेशन नव्हे. इथे बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधीच सांगतो, की तुला कोणी त्रास देत असेल तर ते मी पोटात ठेवणार नाही, तुझ्याबरोबर येऊन बोलेन. आणि त्यांनी तसं केलं. एकदा केल्याचं मला माहीत आहे. त्याबद्दल इथे एवढंच.

नाताळ आणि ईस्टरच्या आधी कन्फेशन असायचं तेव्हा आजूबाजूच्या धर्मग्रामांतून, म्हणजे दुसऱ्या चर्चमधून, तीन-चार फादर यायचे. हॉलच्या कोपऱ्यांत खुर्च्या टाकून बसायचे, मुलं रांगा लावायची. आमचे प्रिन्सिपल फादर त्या दिवशी मुद्दाम हॉलमध्ये फिरकत नसत. मला ते विचित्र वाटायचं, म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत त्यावर एक कलमच आहे, 985वं. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कन्फेशन्स ऐकू नयेत, विद्यार्थ्याने एखाद्या वेळी स्वतःहून मागितलं तरच ऐकावं. कलम खरं तर वसतिगृहातल्या मुलांसाठी, आमची मुलं तर रोज घरी जाणारी. पण आमचे प्रिन्सिपल त्यामागचं कारण मानायचे. ज्याच्या हातात दाखल्यावरची सही आहे, त्याच्यापुढे मुलाला मन उघडं करायला लावू नये. मी त्या दिवशी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. शाळा काय असते हे समजलेल्या माणसांनी लिहिलेला कायदा आहे, असं मला वाटलं.

आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

2016 मध्ये फादरांची बदली झाली. त्यानंतर जे आले त्यांनी जमेल तसं चालवलं, एकाने तर गिटारही आणली होती. या एप्रिलमध्ये तेही गेले आणि व्यवस्थापनाने ठरवलं की वेगळ्या फादरची गरज नाही. आता एकच फादर आहेत. तेच मॅनेजर, तेच अकाउंट बघणार, शिस्त समितीवर तेच, आणि मिस्साही तेच म्हणणार. माणूस चांगला आहे, रात्री नऊपर्यंत ऑफिसात असतो. पण ज्या मुलाला सोमवारी फी थकल्याची नोटीस त्यांच्या सहीने गेली, तो मंगळवारी त्यांच्याकडे जाऊन "आईची नोकरी गेली" असं सांगेल का? मी व्यवस्थापनाला दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तोंडी सांगण्यात आलं की शाळेत आता कौन्सेलर आहेत.

आहेत, आठवड्यातून दोन दिवस. हुशार बाई आहेत, त्यांनी माझ्या वर्गातल्या एका मुलाची वाचनाची अडचण ओळखली जी मला तीन महिने दिसली नव्हती. त्यांचं काम मला हवंच आहे. पण त्यांच्याकडे जायला फॉर्म भरावा लागतो, पालकांची सही लागते, फाइल तयार होते. ते असायलाच हवं. खालच्या फादरांकडे यातलं काहीच नव्हतं. मार्क नव्हते, हजेरी नव्हती, रिपोर्ट नव्हता. अख्ख्या शाळेत मुलाबद्दल कुठल्याही वहीत काही न लिहिणारा तेवढा एकच मोठा माणूस होता.

फादरांनी मला एकदा चॅप्लेन या शब्दाची गोष्ट सांगितली होती. चौथ्या शतकातला मार्टिन नावाचा रोमन सैनिक, जो पुढे संत झाला. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. उरलेला अर्धा पुढे राजांनी जपून ठेवला. तो सांभाळणाऱ्या धर्मगुरूंवरून हा शब्द आला. मी म्हटलं होतं, सगळा का नाही दिला? ते म्हणाले, "मग तोच कुडकुडला असता ना. अर्धा पुरतो दोघांना."

बुधवारी शाळा सुटल्यावर माहीमच्या चर्चबाहेर नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या गर्दीत तो कोळीवाड्यातला मुलगा भेटला. मुलगा कसला, आता पस्तिशीचा आहे, बायको बरोबर होती, हातात मेणबत्त्या. पाया पडला. पहिला प्रश्न, "टीचर, खालचे फादर कुठे असतात?" मी गावाचं नाव सांगितलं. दुसरा प्रश्न, "बोर्ड आहे अजून?"

गुरुवारी मी पीटीच्या खोलीत शोधलं. हर्डल्सच्या मागे उभा करून ठेवलेला, एका पॉकेटची जाळी फाटलेली, सोंगट्या एका बरणीत, दोन काळ्या कमी. शिपायाला हाताशी घेऊन तो मूल्यशिक्षणाच्या वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये आणून ठेवला. मग ऑफिसात जाऊन फादरांना विचारलं, शुक्रवारी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं खाली याल का, पण मॅनेजर म्हणून नको. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "टीचर, मला कॅरम येत नाही."

मी म्हटलं, मुलं शिकवतील.