ज्वारीच्या कणगीनं वाचवलेला माणूस

काल रात्री लाईट गेलेली, गरम एवढं की झोप यायचं नाव नाही, सोलापूरचा मे महिना काय सांगायचा, म्हणून गॅलरीत मोबाईलवर रील्स बघत पडलो होतो तर एकजण सूट घालून सांगत होता की मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसांची म्हणे इच्छाशक्तीच वेगळी असते. शेजारी आत्या झोपलेली. मला वाटलं झोपली. कूस बदलून म्हणाली, "आन् जे गेले त्यान्ला काय मरायची हौस होती व्हय रं?"

रील बंद केली.

आत्याला दिलंय सास्तूरजवळच्या एका खेड्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ही किल्लारीच्या भूकंपाची वेळ आमच्या घरात पोराटोरांना पाठ आहे. गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपलेलं, त्यात यांची म्हैस व्यायला झालेली म्हणून आत्या आणि तिची सासू कंदील घेऊन गोठ्यात. गोठा म्हणजे चार मेढी आणि वर पाचटाचं छप्पर. ते अंगावर आलं, दोघी पाचट सारून बाहेर निघाल्या. म्हैस पण वाचली.

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मात्र आत माळवदाखाली झोपलेले. माळवदाची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना माहितीय, मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा हा एवढा थर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यात भरच पडत जाते. उन्हाळ्यात झकास गार. भूकंप ६.२ चा होता, याहून मोठे जगात कितीतरी होतात, पण साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली ती या दगड-मातीखाली. ज्याचा वाडा तो गाडला गेला आणि ज्याच्या घरावर नुसतं गवत तो उठून उभा राहिला, असं त्या भागात किती ठिकाणी झालं.

मामांची तुळई पडली ती ज्वारीनं भरलेल्या कणगीवर टेकली आणि खाली माणूस मावेल एवढी पोकळी राहिली. बस. घशात माती, ओरडता येईना, हाताला तांब्या लागला तो दगडावर वाजवत राहिले. दुपारनंतर कुणाच्या तरी कानावर आवाज पडला. पाय मोडला, जीव राहिला. इच्छाशक्ती म्हणा, मी ज्वारी म्हणतो.

तेव्हापासून असले किस्से मी फार वाचतो. युलियाने कोपके नावाची सतरा वर्षांची पोरगी, २४ डिसेंबर १९७१, पेरूच्या जंगलावर विमानावर वीज पडली आणि विमान हवेतच फुटलं, ही सीटला बांधलेलीच तीनेक किलोमीटर खाली आली. ९२ जणांत एकटी वाचली, आई पण त्याच विमानात होती. पण खाली पडल्यावर अकरा दिवस ती जगली कशी, तर आईवडील प्राणीशास्त्रज्ञ, ती जंगलात राहिलेली, बापानं सांगून ठेवलेलं की ओढा दिसला की त्याच्याच कडेनं खाली चालत राहायचं, माणसं भेटतात. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या तर एका बोटीजवळ सापडलेलं पेट्रोल ओतलं, कारण बापानं कुत्र्याला तसंच रॉकेल घातलेलं तिनं बघितलं होतं. आत्याला सांगितलं तर तिला काहीच नवल नाही. "आमी बैलाला टर्पेंटाईन घालतोच की."

२०१० ला चिलीच्या खाणीत ३३ जण सुमारे सातशे मीटर खाली अडकले तेव्हा दोन दिवसांचं खाणं त्यांनी सतरा दिवस पुरवलं, दर अठ्ठेचाळीस तासांनी दोन चमचे टुना मासा. तोपर्यंत वरच्यांना हे जिवंत आहेत का तेच माहिती नव्हतं. त्यांचा मुकादम लुईस उर्सुआ, ६९ दिवसांनी सगळ्यात शेवटी वर आला. बाबांना ही गोष्ट फार आवडते, आयुष्य यंत्रमागावर गेलं, मुकादम नेहमी सगळ्यात आधी घरी जाताना बघितलेले.

आत्या मोतीबिंदूसाठी आलीय. आल्या आल्या विचारलं, "वर काय हाय?" म्हटलं स्लॅब आहे, लोखंड घातलंय, वर अजून दोन मजले आहेत. चूक केली. गादी उचलून गॅलरीत. आता आमच्या गॅलरीच्या वर वरच्या मजल्याची गॅलरी आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. ऑपरेशन सोमवारी आहे.