वायरिंग जळणार नाही ना?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या जुन्या डिझेल एसयूव्हीत जादा दिवे, नवा स्टिरिओ आणि मागे अ‍ॅम्प्लिफायर, हे सगळं मी स्वतः जोडलंय असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आम्हालाही करायचंय हो, पण गाडी जुनी आहे. वायरिंग जळणार नाही ना?"

जळू शकते. पण दिवे वाढले म्हणून नाही जळत. बारीक वायरीतून जास्त करंट गेला आणि वाटेत फ्यूज नसला, की जळते. वायर किती जाडीची घ्यायची आणि फ्यूज कुठे लावायचा हे सर्वस्वी आपल्या हातात असतं, त्यामुळे त्याची भीती बाळगू नका. मला खरं कळकळीने सांगायचंय ते वेगळंच आहे. जुन्या गाडीत नवं काहीही जोडण्याआधी आहे त्या वायरिंगचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्गे करंट परत जाण्याची वाट, तपासा. प्लसच्या वायरीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तोच करंट दिव्यातून निघून बॅटरीच्या मायनसला परत कसा पोचतो, हे सहसा कुणी बघत नाही. गंज, चिखल आणि हादरे सोसलेल्या गाडीत दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

माझ्या गाडीचे हेडलाइट पिवळट पडले होते. समोरून गाडी आली की आपला उजेड रस्त्यावर पडतोय की नाही तेच कळायचं नाही. जो तो म्हणायचा, १०० वॅटचे बल्ब टाका. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बसाठी बनवलेला होल्डर जास्त वॅटच्या उष्णतेने ठिसूळ होतो, वितळतो, आणि आधीच थकलेल्या वायरीवर आणखी भार येतो. त्याऐवजी मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र, घेऊन बसले.

इंजिन चालू, अप्पर (लांबवर पडणारा झोत) चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या मागे, दोन पिनांमध्ये, ११.९. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेतच गळत होते. हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. माझ्या हिशोबाने मला जेमतेम निम्मा उजेड मिळत होता आणि दोष मी बल्बला देत होते.

मग गळती कुठे आहे ते शोधलं. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लस पिनला: १.५ व्होल्ट. एक वायर बल्बच्या अर्थ पिनला, दुसरी बॅटरीच्या मायनसवर: ०.७. बेरीज जुळली. हे मोजताना दिवा चालूच हवा आणि बल्बमागचा वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) बसलेलाच हवा. कपलर काढून रिकाम्या पिनांवर मोजलं तर बॅटरीचे छान पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. अख्ख्या जाडीतला एकच तंतू शाबूत असला तरी मीटर तेवढंच दाखवेल. "मी मोजलं, सगळं बरोबर आहे" म्हणणारे बहुतेक जण इथेच फसतात.

०.७ व्होल्ट खाणारी जागा बॅटरीच्या ट्रेखाली निघाली. १० नंबरचा बोल्ट, त्याखाली काळ्या वायरीची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. वरून बघितलं तर घट्ट. पाना लावून सोडवला तर थिंबलच्या पोटाला हिरवट भुकटी, आणि खाली पत्र्यावर मागे कधीतरी मारलेला रंग तसाच. रंगातून करंट जात नाही. इतकी वर्षं तो सगळा बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा वाट काढत होता. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवी थिंबल क्रिंप केली (पकडीने दाबून वायरीवर बसवली), बोल्ट आवळून वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा मोजलं: ०.०६. अर्ध्या तासाचं काम, आणि बल्ब नजरेला कळेल इतका पांढरा झाला. तो फरक पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

इंजिनपासून बॉडीला आणि बॉडीपासून चॅसिसला जाणाऱ्या विणलेल्या पट्ट्याही त्याच दिवशी बघून घ्या. त्यातली इंजिनची पट्टी तुटली तर स्टार्टरचा प्रचंड करंट परतीसाठी मिळेल तो धातू धरतो, अगदी अ‍ॅक्सिलरेटरची केबलसुद्धा. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद उजळत असेल तर मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय, बल्ब बदलून उपयोग नाही.

आता राहिले प्लसकडचे १.५ व्होल्ट. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. दोन अप्पर म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. इतका करंट बारीक वायरीतून लांब फिरवला की व्होल्टेज पडणारच. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर ४ मीटर असेल तर १० अँपिअरला एकट्या त्या वायरीत साधारण १ व्होल्ट जातो. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३. त्यात स्विचचे झिजलेले संपर्क आणि जुने कपलर आलेच.

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटने चालणारा आणि दिव्याचा मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवरचे आकडे बहुतेक रिलेंवर सारखेच असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ८५ आणि ८६ म्हणजे आतली कॉइल: जुन्या हेडलाइटच्या वायरीने फक्त हिला जागं करायचं, तिला ०.२ अँपिअरसुद्धा लागत नाही. ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ मधून दिव्याकडे. स्विचवरचा भार उतरतो, दिव्याला थेट बॅटरीचं व्होल्टेज मिळतं. माझे १.५ व्होल्ट ०.२ वर आले. फक्त एक बघून घ्या: काही जुन्या जपानी गाड्यांत स्विच प्लस तोडत नाही, मायनस तोडतो. बल्बच्या तिन्ही पिना टेस्ट लॅम्पने (तपासणीच्या छोट्या दिव्याने) तपासल्याशिवाय रिले जोडायला घेऊ नका.

जादा दिव्यांच्या रिलेलाही मी अप्परच्याच वायरीने चालवते. समोरून कुणी आलं की झोत खाली, डिपरवर, घेताच तेही विझतात. समोरच्याचे डोळे दिपवणारा उजेड मला नको. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसायलाही माझा विरोध त्याचसाठी आहे. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, दुसरा उजेड तो भलतीकडे फेकतो.

फ्यूजबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. फ्यूज दिवा वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो दिव्याजवळ लावून उपयोग नाही, बॅटरीपासून हातभराच्या आत हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला वाली कुणीच नाही. माझ्याकडे गाडी आली तेव्हा आधीच्या कुणीतरी फॉगलाइटची वायर बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय नेलेली होती. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या, पत्र्याला भोक पाडून त्यातून ती आत घेतलेली, भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) नाही. बॅटरी बाजूला काढली तेव्हा मला ते दिसलं: भोकाच्या कडेवर इन्सुलेशन घासून गेलं होतं आणि तांब्याचे दोन तंतू चमकत होते. पत्र्यात आणि त्यांच्यात केसाएवढं अंतर. एक मोठा खड्डा लागला असता तर स्टार्टर फिरवणारी ती बॅटरी आपला सगळा करंट त्या वायरीत ओतणार होती. तेव्हापासून कुणाचीही गाडी बघताना मी बॉनेट उघडून आधी बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आहेत ते मोजते आणि प्रत्येकीचा फ्यूज शोधते.

स्टिरिओचं त्या मानाने सोपं. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिवळी वायर कायम प्लसची, तिच्यावर घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं टिकतात, लाल चावी फिरवल्यावर प्लस देणाऱ्या वायरीला, काळी अर्थ. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि त्याच रंगावर काळी रेघ असली तर ती मायनस. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असतात, ते मीटरनेच ओळखा. गाडी बंद केली की दर वेळी स्टेशनं पुसली जात असतील तर पिवळी आणि लाल उलटसुलट लागल्यात.

जुन्या गाड्यांत एक खाच आहे. काहींत स्पीकरची मायनस वायर थेट बॉडीला दिलेली असते. जुने स्टिरिओ ते चालवून घ्यायचे. आताच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आवाजाचा सिग्नल असतो. त्यातली एक बॉडीला टेकली तर आतला आवाज वाढवणारा आयसी (चिप) जळू शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरची मायनस आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही आतून जोडलेल्या आहेत का, ते तपासा. मीटर वाजला तर त्या स्पीकरला दोन नव्या वायरी ओढा, जुगाड करू नका. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर पुन्हा तेच, अर्थ बघा: स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांचे अर्थ स्वच्छ पत्र्यावर घ्या, आणि सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

जॉइंट पिळून टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सुटते. सोल्डर मला बंद डब्यात चालतो, हादरणाऱ्या वायरीवर नाही. सोल्डर तंतूंमध्ये चढून वायर तेवढ्यापुरती ताठ करतो आणि ती नेमकी त्या काठावर तुटते. चांगलं क्रिंपिंग, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). आणि कामाला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस काढायची, शेवटी तीच जोडायची. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथल्या तिथे शॉर्ट.

सगळं जोडून झालं की मी अर्धा तास इंजिन आणि दिवे चालू ठेवते आणि एकेका जॉइंटला, फ्यूजच्या होल्डरला, रिलेच्या पिनेजवळच्या वायरीला बोट लावून बघते. कोमट चालतं. जिथे बोट ठेववत नाही तो जॉइंट पुन्हा उघडते. रात्री सगळं बंद करून बॅटरीची मायनस वायर सोडवते आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावून किती करंट जातोय तेही बघते. ५० मिलिअँपिअरच्या खाली असलं की निर्धास्त झोपते. सध्या तो ३० वर आहे. मागच्या दाराला जाणारी वायरींची रबरी नळी तेवढी उघडायची राहिलीय. दार उघडझाप करताना नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो, म्हणजे आत बिजागरीपाशी एखादी वायर तुटायला आलीय. या रविवारी तिथेच बसणार आहे.