तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॉट का नाही घेतलात?

गणपतीत आरती झाल्यावर, हळदीकुंकवाला, लग्नात पंगतीची वाट बघत असताना हा प्रश्न येतोच. "अगं, तेवढ्याच पैशांत प्लॉट नसता का मिळाला? मल्टीत काय आपलं असतं?" इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे फ्लॅटच्या इमारतीला मल्टी म्हणतात, मग ती चार मजली असो की चौदा. आणि म्हणताना आवाजात थोडी कीव असते. पंधरा बाय पन्नासचा का होईना, आपला प्लॉट हवा, त्यावर आपलं घर, वर गच्ची आणि गच्चीवर पापड-कुरडया. एवढं झालं की इंदुरी माणूस स्वतःला घरदार असलेला समजतो. आम्ही नवराबायको दोघं नोकरी करतो, मुलगी एकच, तरी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल घेऊन बसलो. यात काहीतरी चुकलंय असं लोकांना वाटतं.

मी दर वेळी "बघू पुढे" म्हणून विषय टाळते. आज नीट सांगते.

सुरुवात बाबांच्या प्लॉटपासून करावी लागेल. नंबर ११७. १९८६ साली ऑफिसातल्या चौघांच्या आग्रहाने बाबा एका गृहनिर्माण संस्थेचे सभासद झाले. महिन्याला २०० रुपये, सहा वर्षं. ७२ गुलाबी पावत्या, प्रत्येकीवर जांभळा शिक्का. जमीन तेव्हा गावाबाहेर होती. रविवारी बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून प्लॉट दाखवायला न्यायचे. चुना फासलेला एक दगड, त्यावर लाल रंगात ११७, आणि चारी बाजूंना कुणाचा तरी हरभरा. बाबा पावलं मोजत चालायचे. इथे बैठक, इथे आईचं स्वयंपाकघर, इथे पेरू. येताना आम्ही हरभऱ्याचे डहाळे घेऊन यायचो आणि आई ते गॅसवर भाजायची.

१९९२ साली पैसे भरून झाले. ताबा मिळाला नाही. तीच जमीन संस्थेने आणखी कुणाकुणाला विकल्याचं मागाहून कळलं. तक्रारी झाल्या, तारखा पडल्या, पदाधिकारी बदलले, शेवटी दगडही दिसेनासा झाला. त्या प्लॉटचं आमच्या घरातलं एकूण उत्पन्न म्हणजे सहा हिवाळ्यांचे डहाळे. इंदुरात ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नाही, ऐकणारा मध्येच थांबवून स्वतःच्या घरातली सांगायला लागतो.

लोकांना वाटतं, म्हणून मी प्लॉटला घाबरले. उलट आहे. मला प्लॉटच हवा होता. सूड म्हणा हवं तर. २०२० च्या शेवटापासून आम्ही सहा-सात महिने रविवार घालवले. राऊकडे, कनाडियाकडे, बायपासच्या पलीकडे. आणि तेव्हा कळलं की प्रश्न भावाचा नाहीच.

एका दलालाने कॅलेंडरच्या पाठीमागे दोन आकडे लिहून दाखवले. १२ आणि १०. प्लॉट २२ लाखांचा. रजिस्ट्री कलेक्टर गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारी, दराने १२ लाखांना, वरचे १० नगद. मी सियागंजात हिशेब लिहायचं काम करते, नवरा पीथमपूरला कारखान्यात. आमचा सगळा पैसा एक नंबरचा, कारण तो बँकेत जमा होतो आणि त्याआधी त्यातून पीएफ कापला जातो. दोन नंबरचे १० लाख पगारदाराने आणायचे कुठून? बरं, बँक कर्ज देते ते रजिस्ट्रीच्या आकड्यावर, म्हणजे १२ लाखांवर, आणि त्यातलाही काही भाग आपणच घालायचा. स्टॅम्प ड्यूटी वेगळी. घर बांधायचं तर अजून पुढेच आहे. मी हे बोलून दाखवलं तर दलाल नवऱ्याकडे बघून म्हणाला, "भिया, इंदौर में तो ऐसे ही होता है." भाभीजींना हिशेब समजत नाही, असा एकंदर सूर.

दुसऱ्याने डायरी काढली. ज्या कॉलनीला अजून मंजुरी नाही, तिचे प्लॉट डायरीवर विकतात. पैसे दिले की डायरीत तुमचं नाव, मंजुरी आली की रजिस्ट्री. मला गुलाबी पावत्या आठवल्या. त्यांच्यावर निदान शिक्का तरी होता.

तिसरा रस्ता माझ्या मावसभावाने धरला. त्याने अवैध कॉलनीत ६०० फुटांचा तुकडा रजिस्ट्री न करता नुसत्या नोटरीवर घेतला, आठ लाखांना. फुटाचा भाव ऐकून आम्हीही चाट पडलो होतो. पण नोटरीच्या कागदावर कुठलीच बँक घरकर्ज देत नाही. चार लाख त्याच्याकडे होते, चार त्याने शेकडा दोनने उचलले. म्हणजे महिन्याला ८,००० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. तेवढेच चार लाख त्या वेळी बँकेकडून सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी मिळाले असते तर हप्ता ३,१०० च्या आसपास बसला असता, मुद्दलासकट. जमीन स्वस्त होती म्हणून त्याने घेतली, आणि कर्जाच्या रुपयामागे ती त्याला माझ्या फ्लॅटपेक्षा महाग पडली. वर पाण्याचा टँकर. कॉलनी नियमित होणार, होणार, असं दर निवडणुकीला ऐकू येतं. त्याची बायको मला भेटली की विषय बदलते, म्हणून मीही फार विचारत नाही.

तर मग मल्टी. फ्लॅट पूर्ण २३ लाखांच्या रजिस्ट्रीने मिळत होता, चेकने. रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लगाम घालणाऱ्या कायद्याखालचा, नंबर होता. तो कायदा २०१६ चा, २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याने आमच्यासारख्यांसाठी काय केलं तर क्षेत्रफळ कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेत, सांगायला लावलं. पूर्वी जिना, लॉबी, भिंतींची जाडी असं सगळं मिळवून मोठा आकडा सांगत, आणि आत गेल्यावर पलंग मावेना. पूर्णत्वाचा दाखला आलेला होता म्हणून जीएसटी नाही. ज्यात तयार घर परवडतं त्यात बांधकाम चालू असलेलं घेऊन भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसू नये, एवढं माझं मत.

कर्ज १८ लाख. हप्ता सात टक्क्यांनी १४ हजारांच्या आत. लोकमान्यनगरात आम्ही आठ हजार भाडं देतच होतो, थोडी काटकसर करून हप्ता बसणार होता. अडलं होतं ते हप्त्यावर नाही. वरचे पाच लाख, रजिस्ट्रीचे दोनाच्या वर, मग मीटर, सोसायटी, खिडक्यांना जाळ्या. आठ लाख एकदम हातात पाहिजेत. नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण किती द्यायचं ते तुमचा पगार बघून ठरवते, आणि आमच्यासारख्या घराच्या बाबतीत त्या किमतीत स्टॅम्प ड्यूटी धरत नाही. हे आठ लाख जमायला आम्हाला नऊ वर्षं लागली. नवऱ्याच्या पीएफमधून काही काढले, दोन बीसी, म्हणजे भिशी, उचलल्या, आवर्ती ठेवी मोडल्या, आणि तरी कमी पडले तेव्हा आईने पाटल्या दिल्या. सराफाने पाटल्या काट्यावर ठेवल्या तेव्हा आई दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत होती. मला घराच्या सगळ्या व्यवहारातलं तेवढंच डोळ्यांसमोर राहिलंय, बाकी सह्या.

रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावावर आहे, यावरूनही चर्चा झाली. २०२१ पासून मध्य प्रदेशात बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी शुल्कात दोन टक्के सूट आहे. २३ लाखांवर ४६ हजार. नवऱ्याचा मान तेवढा महाग नव्हता, त्यानेच तसं सांगितलं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानासाठीही, आमच्या उत्पन्नगटात, घरावर बाईचं नाव असणं लागत होतं. ते अनुदान पहिल्या सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के, एकरकमी जास्तीत जास्त २.६७ लाख. आम्हाला मिळालं, खोटं कशाला बोलू. ३१ मार्च २०२२ ला ते व्याज अनुदान बंद झालं, त्याच्या आत आमचं काम झालं. पण आलं ते कर्ज सुरू झाल्यावर, कर्जखात्यात. हप्ता १२ हजारांच्या खाली आला. पाटल्या तोवर गेलेल्या होत्या.

आणि मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, चढवायला घेतला. चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. आमचा दर त्याला जोडलेला, तो साडेनऊवर गेला. १५ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ११,८७५ होतं. आमचा हप्ता ११,९००. म्हणजे महिनाभर राबून मुद्दलातले पंचवीस रुपये फेडायचे. बँकेने आधी मुदत वाढवून बघितली, मग मुदत वाढवायलाही जागा राहिली नाही तेव्हा हप्ता वाढवा म्हणून पत्र आलं. आम्ही वाढवला, आणि दिवाळीचा बोनस थेट कर्जात भरला. बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. २०२५ मध्ये दर उतरले तरी आम्ही हप्ता कमी करून घेतला नाही. आता मुद्दल हलतंय.

माझी चुलतबहीण सध्या घर बघतेय, तिच्यासाठी आवास योजनेचा दुसरा टप्पा आहे, १ सप्टेंबर २०२४ पासूनचा. वर्षाचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं. अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. घ्यावंच, सोडू नये. पण ज्या दिवशी विकणारा चेक मागतो त्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. सरकारने हप्ता हलका करण्याऐवजी तो पहिला चेक हलका केला असता, निदान पहिल्या घराची स्टॅम्प ड्यूटी हप्त्याने घेतली असती, तर आईच्या पाटल्या आज आईकडे असत्या. कनाडियाला केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पात १,०२४ घरं झाली, २०२१ च्या १ जानेवारीला पायाभरणी झालेली, कारखान्यात तयार केलेल्या सँडविच पॅनेलच्या भिंतींची. भिंत विटेची नाही म्हटल्यावर लोक बोटाच्या पेराने ठोकून बघतात. झटपट बांधण्याचं तंत्र आलं ते चांगलंच आहे. पण आमचं घर नऊ वर्षं अडलं ते भिंतीमुळे नाही.

वास्तुशांतीला बाबा आले. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत गप्प होते, मग उठून हॉलमध्ये पावलं मोजत चालले. तेरा. "जमीन किती आपली?" मी म्हटलं, अविभाजित हिस्सा आहे, साधारण दोनशे फूट, पण नेमकी कुठली ते दाखवता येणार नाही. "माझीही तशीच आहे," म्हणाले.

येताना त्यांनी ७२ पावत्यांची पिशवी आणली होती. मुद्दाम नाही, त्यांचं कपाट लहान आहे. मी त्या आमच्या लॉकरात ठेवल्या, तिथे जागाच जागा होती, कारण मूळ रजिस्ट्री बँकेकडे गहाण. परवा बाबांनी विचारलं, ती परत देतात की तिथेही तारखा? मी सांगितलं, कर्ज फिटलं की तीस दिवसांत कागद परत द्यायचे, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये बँकेने कर्जदाराला द्यायचे.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. ७२ गुणिले २००, चौदा हजार चारशे.

"तीन दिवस उशीर होऊ दे," म्हणाले. "माझ्या प्लॉटचे निघतील."