खिडकीत राहिलेला पूर

नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळी उलटून आठवडा झाला असेल, सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या घरी मी खिडक्यांची मापे घ्यायला गेलो. दार उघडणाऱ्या काकूंच्या हातात दोनशे पानी वही होती आणि वहीत चार कोटेशने टाचलेली होती. त्यांतले एक माझे होते. काकू बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या. कंपनी, मटेरियल, काचेची जाडी, वॉरंटी, चौरस फुटाचा दर असे रकाने पट्टीने आखून त्यांनी चौघांची तुलना मांडली होती, आणि माझ्या कोटेशनमधली बेरजेची एक चूकही लाल शाईने दुरुस्त करून ठेवली होती. चूक माझ्या तोट्याची होती, हे इथे सांगायला हवे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पाऊण इंची सेक्शनपासून, म्हणजे चौकटीच्या लांब पट्ट्यांपासून, मी सुरुवात केली, पुढे डोमल हा त्याहून भक्कम सेक्शन आला, त्यानंतर गिऱ्हाईकच यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्या, मागू लागले म्हणून कोपरे जोडण्याचे वेल्डिंग मशीन घेतले. त्यामुळे काकूंचा पहिला प्रश्न, म्हणजे फेनेस्टा घ्यावी, कोमरलिंग घ्यावी की वेका, मला अगदी पाठ होता. त्याचे खरे उत्तर मात्र विकणाऱ्याला फारसे सोयीचे नसते. फेनेस्टा ही डीसीएम श्रीराम समूहाची असून प्रोफाइल, म्हणजे चौकटीची पोकळ पट्टी, तयार करण्यापासून खिडकी बसवण्यापर्यंतचे काम ती आपल्याच देखरेखीखाली करते. कोमरलिंग आणि वेका ही मुळात जर्मन नावे. त्यांचे प्रोफाइल माझ्यासारखे फॅब्रिकेटर विकत घेतात, कापतात, आत पोलादाची पट्टी सरकवतात, कोपरे तापवून जोडतात आणि भिंतीत बसवतात. अ‍ॅल्युमिनियमचेही तसेच आहे. हिंदाल्कोची ‘इटर्निया’ खिडकी म्हणूनच विकली जाते, तर जिंदालचा सेक्शन बाजारातून किलोवर आणून कोणीही खिडकी बनवू शकतो. म्हणजे वहीतल्या ‘कंपनी’ या रकान्यातले नाव पुष्कळदा फक्त प्लास्टिकचे किंवा धातूचे असते. कोपरा कोणी जोडला, चौकट आणि भिंत यांच्यातली फट कशाने भरली, पाणी जायची भोके कुठे पाडली, यांतले काहीच त्या नावातून कळत नाही.

मटेरियलबद्दलही काकूंनी बरेच ऐकले होते. अ‍ॅल्युमिनियम तापते, असे एका विक्रेत्याने त्यांना सांगितले होते, आणि ते खोटे नाही: यूपीव्हीसीच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियम सुमारे हजार पटीने उष्णता वाहून नेते, आणि म्हणूनच त्याच्या महागड्या खिडक्यांत आतला व बाहेरचा भाग पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या पट्टीने तोडलेला असतो. पण एप्रिलच्या दुपारी पंखा लावून खिडक्या सताड उघड्या ठेवणाऱ्या घरात या गुणाला किती पैसे मोजायचे, हा प्रश्न उरतोच. उलट यूपीव्हीसी उन्हात अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट पसरते. दीड मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटर वाढू पाहते, त्यामुळे भिंतीत तिला तेवढी जागा सोडावी लागते. ही जागा न सोडल्यामुळे उन्हाळ्यात अडकणाऱ्या खिडक्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

मी हे सांगत असतानाच काकूंनी वही मिटली. “हे सगळं चौघांनीही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “पण खिडकी चार दिवस पाण्याखाली राहिली तर तिचं काय होतं, हा रकाना कुणीच भरून दिला नाही.”

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न विचित्र वाटेल. सांगलीत तो वाटत नाही. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये सत्तावन्नच्याही पुढे, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा चोपन्नच्या पुढे. काकूंच्या घराने हे तिन्ही पूर पाहिले होते आणि बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर तिन्हींच्या रेषा पेन्सिलीने आखून त्यांपुढे साल लिहिलेले होते.

योगायोग असा, की तळमजल्यावर खिडक्याही तीन प्रकारच्या होत्या. बैठकीच्या दोन खिडक्या सासऱ्यांच्या काळातल्या सागवानी, उभ्या लोखंडी गजांच्या. स्वयंपाकघराची खिडकी २००५ च्या पुरानंतर बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची. मागच्या खोलीतल्या दोन यूपीव्हीसीच्या खिडक्या २०१९ च्या पुरानंतर मी स्वतः बसवलेल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे काम निराळे होते, ते जुजबी होते. काकूंनी प्रस्ताव मांडला की प्रत्येक प्रकारातली एक खिडकी माझ्या माणसाने पूर्ण उघडून दाखवावी. त्या बदलायच्याच होत्या, त्यामुळे मोडतोड झाली तरी हरकत नव्हती. मी होकार दिला. खरे म्हणजे थोडा ऐटीतच दिला, कारण मागच्या खोलीतल्या त्या दोन पांढऱ्याशुभ्र खिडक्यांकडे बोट दाखवून मी माझे कोटेशन पटवणार होतो.

पहिल्यांदा सागवान. झडपा पुरानंतर इतक्या फुगल्या होत्या की श्रावणभर त्या चौकटीतून हलल्या नव्हत्या. पण दसऱ्यापर्यंत आपोआप सुटल्या, असे काकूंनी सांगितले. फिटरने एक झडप बिजागऱ्यांतून काढली. सांधे कुसवाचे होते आणि त्यांत बांबूच्या मेखा ठोकलेल्या; खिळा नाही, सरस नाही, त्यामुळे पाण्याने विरघळून सुटण्यासारखे त्यात काहीच नव्हते. लाकूड फुगले आणि पुन्हा आपल्या मापावर आले. जे बिघडले होते ते गजांपाशी. लोखंड गंजून फुगल्याने चौकटीच्या खालच्या दांडीला जागोजागी उभ्या चिरा गेल्या होत्या, आणि एका चिरेत माझा पेचकस बोटभर आत गेला.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीचे रूप सगळ्यांत वाईट होते. ट्रॅकमध्ये गाळ वाळून विटेसारखा झाला होता, चाके फिरत नव्हती, आणि जिथे जिथे साधे लोखंडी स्क्रू होते तिथे त्यांच्याभोवती अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना चिकटले की त्यांतला कमजोर असेल तो झिजतो, आणि स्क्रूसमोर तो अ‍ॅल्युमिनियम असतो. पण फिटरने पल्ला उचलून खालून बाहेर काढला, मोरीत ठेवून त्यावर दोन बादल्या पाणी मारले, खराट्याने ट्रॅक घासला, आणि पंधरा मिनिटांत त्या सेक्शनमध्ये लपलेले असे काही उरले नाही. चाके आणि स्क्रू बदलले असते तर ती खिडकी आणखी दहा वर्षे चालली असती. मी हे मोठ्याने म्हणालो नाही. काकूंनी मात्र वहीत काहीतरी लिहिले.

मग आम्ही मागच्या खोलीत गेलो. माझ्या खिडक्या बाहेरून नव्यासारख्या दिसत होत्या. पूर ओसरल्यावर काकूंनी त्या साबणाच्या पाण्याने पुसल्या होत्या. फक्त डावा पल्ला जरा जड जातो, अशी त्यांची तक्रार होती. फिटरने पल्ले काढले, बाहेरच्या कडेचे सिलिकॉन कापले, फास्टनर सोडवले आणि दोघांनी मिळून चौकट भिंतीतून ओढून काढली. ती जमिनीवर तिरपी टेकवताच खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकातून आधी तपकिरी पाणी आले आणि मागोमाग श्रीखंडासारखा दाट गाळ ओघळू लागला. पूर ओसरून जवळजवळ चार महिने झाले होते. तो वास सांगलीत कोणाला सांगावा लागत नाही. काकूंनी न बोलता पदर नाकाला लावला आणि मागचे दार उघडले.

यूपीव्हीसीचे प्रोफाइल आतून पोकळ, अनेक कप्प्यांचे असते. ट्रॅकमध्ये पडलेले पावसाचे पाणी एका कप्प्यात उतरून बाहेरच्या बाजूला पाडलेल्या लांबट भोकांतून निघून जावे, अशी त्याची रचना असते. पोलाद वेगळ्या कप्प्यात, कोरडे राहावे म्हणून. पुराच्या पाण्याला हे कप्पे अर्थातच मान्य नसतात. स्क्रूच्या भोकाभोकातून ते सगळीकडे शिरते. शिरलेले पाणी निदान मुख्य कप्प्यातून तरी परत निघून जायला हवे होते. ते का गेले नाही, हे पाहायला मी खाली बसलो, तोच माझा फिटर हळू आवाजात म्हणाला, “साहेब, ही भोकं आपणच बुजवलीत.”

तिन्ही भोकांत सिलिकॉन होते. आमच्याच नळीचे, पांढरे, बोटाने नीट सपाट केलेले.

काकूंनी वहीची मागची पाने उलटली. जून २०२० मधली नोंद होती: जोराच्या पावसात खिडकीच्या भोकातून पाणी उडते, फोन केला, मुलगा येऊन भोके बंद करून गेला. त्याखालच्या ओळी त्या आणि पुढच्या पावसाळ्यातल्या: पाऊस मोठा, कट्ट्यावर चादर अंथरली, पुन्हा चादर, पुन्हा. मला तो फोन आठवला. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती, हातात माणसे दोन, आणि मी वर्कशॉपमधूनच सांगितले होते, “एक नळी मारून टाक.” वाऱ्याच्या जोराने पाणी भोकातून उलटे येत असेल, तर त्यावर झडपेचे टोपण बसवायचे असते किंवा आतली कड उंच असलेला ट्रॅक वापरायचा असतो, पाण्याची वाटच बंद केली तर ते ट्रॅक भरून घरात येणार, हे मला त्या दिवशीही माहीत होते. ट्रॅक भरून आलेले पाणी काकूंनी दीड वर्ष चादरीने टिपले, आणि खिडकीचा स्वभावच तसा असावा असे समजून पुन्हा फोनही केला नाही.

आम्ही खालची पट्टी करवतीने कापली. आतले पोलाद जस्ताचा थर असलेले होते आणि मधल्या भागात ते ठीक होते. पण आम्ही कापलेल्या टोकांवर जस्त नसते, तिथे गंज धरून ते फुगले होते. कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग लावण्याचे काम दोन मिनिटांचे आहे. त्या घरातल्या खिडक्यांना आम्ही ते केले नव्हते. दुसऱ्या खिडकीत रस्त्याचा आवाज कमी यावा म्हणून दुहेरी काच घातलेली होती. तिच्या कडेचे सील गेल्यामुळे दोन काचांच्या मध्ये धुके आणि खाली गाळाची बारीक रेघ दिसत होती. ती पुसायला आत हात घालता येत नाही, त्यामुळे ते युनिट टाकूनच द्यावे लागते.

प्रोफाइल चांगल्या कंपनीचे होते आणि अजूनही चांगलेच होते. त्याच्या भिंतीला तडा नव्हता, रंग पिवळा पडला नव्हता. चूक वहीतल्या ज्या रकान्यात बसली असती, तो रकाना बसवणाऱ्याचा होता, आणि तिथे माझे नाव होते.

काकू रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांनी चहा ठेवला आणि विचारले, की पाणी चढताना घर सोडायच्या आधी त्या सगळ्या खिडक्या कड्या लावून बंद करतात, ते बरोबर आहे ना. मी म्हणालो, नाही. चार फूट रुंद खिडकीबाहेर तीन फूट पाणी उभे राहिले आणि आत कोरडे असेल, तर त्या खिडकीवर सुमारे पाचशे किलोंचा दाब पडतो. दाराखालून पाणी आत येऊन तो कमी होतो म्हणूनच तावदाने वाचतात. खिडकी जितकी घट्ट, तितका हा धोका जास्त. म्हणजे शोरूममध्ये ज्या गुणाची आम्ही सगळे जाहिरात करतो, तो या गल्लीतल्या तळमजल्यावर पुराच्या दिवशी उपयोगाचा नाही.

तेव्हा मी माझे कोटेशन मागे घेतले आणि नवे मांडले. वरच्या मजल्याला यूपीव्हीसी, तिथे तिचे गुण कामी येतात. बैठकीतल्या सागवानी खिडक्या तशाच ठेवून खालची दांडी बदलायची आणि लोखंडी गजांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवायचे. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांना अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, स्क्रू सगळे ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचे, काच एकेरी, ट्रॅक उघडा आणि नळीने धुता येईल असा. मागच्या खोलीच्या दोन खिडक्यांचे पैसे मी घेणार नव्हतो. आणि आयर्विनला चाळीस फूट झाले, की इतर सामानाबरोबर पल्लेही उचलून वर न्यायचे; मोकळ्या चौकटीतून पाणी आले काय, गेले काय.

“उचलणार कोण?” काकूंनी विचारले. मुलगा पुण्यात. गल्लीतली तरुण मुले त्या दिवसांत आपापल्या घरात आणि होड्यांवर गुंतलेली असतात.

पाच मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. मी योजलेला पल्ला सव्वादोन फूट रुंद आणि चार फूट उंच होता. नुसती काचच दहा किलोंची, वर सेक्शनचे वजन वेगळे. जिना दगडी, अरुंद, मध्ये काटकोनात वळणारा. दोनऐवजी तीन ट्रॅक करून प्रत्येकी दीड फुटाचे तीन पल्ले केले तर काच सात किलोंच्या आत येत होती. स्वयंपाकघरातला जुना पल्ला साधारण तेवढाच होता. काकूंनी तो मोरीतून उचलला, पदर खोचला आणि जिना चढू लागल्या. वळणावर पल्ल्याचा वरचा कोपरा तुळईला टेकला. त्या थांबल्या, पल्ला आडवा केला, पलीकडे गेल्या आणि वरून मला हाक मारून म्हणाल्या, की उंची तीन इंच कमी करता आली तर बघा. मी टेप काढून तुळईपासून पायरीपर्यंतचे माप घेतले, आणि खिडकीच्या मापांखाली तेही लिहिले.